चाल एकाची, सनद दुसऱ्याची

ज्यानें उचललें त्यानें भरलें, मग तक्रार कशाची? ‘बिटर स्वीट सिंफनी’ या इंग्रजी गाण्याचा विषय निघाला म्हणजे कायद्याचे अभिमानी एवढा सवाल टाकून मोकळे होतात. सवाल सुटसुटीत आहे, आणि तेवढ्यामुळेंच आम्हांस तो संशयास्पद वाटतो. काय उचललें, कोणाचें उचललें, आणि भरपाई अखेरीस कोणाच्या पदरीं पडली, या तीन गोष्टींना त्यांत सफाईनें बगल दिलेली असते.

प्रथम हकीगत. व्हर्व्ह हा विगन गांवच्या तरुणांचा वाद्यमेळ. पंथ ज्याला आल्टर्नेटिव्ह रॉक म्हणतात तो. रिचर्ड ॲशक्रॉफ्ट हा त्यांचा गायक व कवि. १९९७ च्या जून महिन्यांत त्यांचें हें गाणें सुटें प्रसिद्ध झालें व इंग्लंडांतील खपाच्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर चढलें. शब्द सर्वस्वी ॲशक्रॉफ्टचे. परंतु व्हायोलिनांची जी लकेर कानीं पडतांच गाणें ओळखूं येतें, तिचा गाभा एका जुन्या तबकडीवरून घेतलेला होता. रोलिंग स्टोन्स या मंडळींच्या ‘द लास्ट टाइम’ या १९६५ सालच्या गाण्याचें त्यांचे तेव्हांचे व्यवस्थापक अँड्र्यू ओल्डहॅम यांनीं वाद्यवृंदासाठीं रूपांतर करविलें होतें. त्यांतील कांहीं मात्रांचा तुकडा व्हर्व्हनें घेतला, तो पुनःपुन्हां फिरविला, आणि त्यावर स्वतःचीं तंतुवाद्यें, ताल व आवाज चढविले. हें चोरून केलेलें नव्हतें. मुद्रणाची मालक डेक्का कंपनी. तिची परवानगी घेतलेली होती. राहिली ती चालीच्या मालकाची परवानगी, आणि तेथेंच घोडें पेंड खाऊं लागलें.

स्टोन्सच्या त्या काळच्या गाण्यांचे हक्क ॲलन क्लाइन या अमेरिकन व्यवस्थापकाच्या ॲबको कंपनीकडे होते. या गृहस्थानें त्या चालींतला एक सूरही लावलेला नव्हता. खुद्द स्टोन्स मंडळींनींच १९७१ सालीं त्याला कोर्टांत खेंचलें होतें. म्हणजे ज्यांचीं गाणीं, तेही त्याच्या नांवानें बोटें मोडीत होते! व्हर्व्हचें गाणें तयार होऊन बाजारांत येण्याच्या बेतांत असतां त्यानें नकार दिला. कोंडींत सांपडलेल्या ॲशक्रॉफ्टनें १,००० डॉलर घेतले आणि सारे हक्क सोडले. रचनाकार म्हणून मिक जॅगर व कीथ रिचर्ड्स यांचीं नांवें लागलीं. १९९९ च्या ग्रॅमी पारितोषिकासाठीं गाण्याची शिफारस झाली, तीही याच दोघांच्या नांवानें. तत्पूर्वीं १९९८ सालीं नायकी या पादत्राणें विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींत तें वाजून गेलें. गाण्याबरोबर काढलेल्या चित्रफितींत ॲशक्रॉफ्ट लंडनच्या हॉक्स्टन रस्त्यानें कोणालाही वाट न देतां, माणसांना धक्के देत सरळ चालत जातो. करारनाम्यापुढें ही ऐट चालली नाहीं.

आतां कायद्याच्या अभिमान्यांनीं एवढेंच करावें : स्टोन्सची १९६५ सालची मूळ तबकडी लावून नीट ऐकावी. ती व्हायोलिनांची लकेर तींत नाहीं. ओल्डहॅमच्या वाद्यवृंदासाठीं स्वरलेखन करणाऱ्या डेव्हिड व्हिटेकर या संगीतकाराची ती करामत. जें ऐकून लोक मोहून गेले तें ज्याच्या लेखणींतून उतरलें, त्याचें नांव त्या नव्या नामावळींत आलें नाहीं. तो २०१२ सालीं वारला. बरें, ‘द लास्ट टाइम’ तरी कोठून आलें? अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या ख्रिस्ती भजनांत तें ध्रुवपद पूर्वींपासून होतें. स्टेपल सिंगर्स या एकाच कुटुंबांतील गायकवृंदानें तें स्टोन्सच्या आधीं गायिलेलें आहे, आणि आपण तेथून घेतलें हें रिचर्ड्सनें स्वतः मान्य केलें आहे. मग जॅगर-रिचर्ड्सनीं भजनावरून घेतलें ती रचना, आणि ॲशक्रॉफ्टनें व्हिटेकरच्या लकेरीवरून घेतलें ती चोरी, हा भेद कोणत्या शास्त्राचा? भजनाच्या दाराशीं दस्तऐवज घेऊन बसलेला कोणी नव्हता, एवढ्याचाच ना?

कोणी म्हणेल, मालकी नको तर कलावंतानें खावें काय? मालकी नको असें आम्ही म्हणतच नाहीं. घेतलेल्या तुकड्याची किंमत व्हर्व्हनें द्यावयास हवीच होती. उत्पन्नाचा निम्मा वाटा मागितला असता तरी आम्हीं तोंड उघडलें नसतें. आमचा आक्षेप मापावर आहे. कांहीं मात्रांच्या ऋणापोटीं शब्द, गळा, मांडणी असें सगळें घरच लिहून घेणें हा सावकारी व्यवहार झाला. कुळानें अंगठा उठविला म्हणून तो न्याय ठरत नाहीं.

ऋण मान्य करण्याची एक साधी रीत आपल्याकडे होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासूनचीं संगीत नाटकांचीं पुस्तकें चाळून पाहावीं. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असें लिहून, ती ज्या पदावरून घेतली त्याचे आरंभींचे शब्द छापलेले आढळतात. मूळ गाणाराला त्यांतून दमडी मिळत नसे, हा त्या रीतीचा दोष, आणि तो लहान नव्हे. पण ऋण कोणाचें हें वाचकाला समजे, आणि तें कबूल करण्यासाठीं नाटककाराला स्वतःचें नांव पुसावें लागत नसे.

२०१९ च्या मे महिन्यांत जॅगर व रिचर्ड्स यांनीं आपलीं नांवें काढण्यास आणि यापुढील उत्पन्न ॲशक्रॉफ्टला देण्यास संमति दिली, तेव्हां त्यांच्या दिलदारीचे पोवाडे गाइले गेले. ॲशक्रॉफ्टनेंही जाहीरपणें त्यांचे आभार मानले. तो त्याचा मोठेपणा. आम्हांस त्या पोवाड्यांत सूर मिसळतां येत नाहीं. क्लाइन २००९ सालींच मरण पावला होता. कायद्याचें एक अक्षरही त्यासाठीं बदललेलें नव्हतें. बदललें तें दोन धनाढ्य वृद्धांचें मन, आणि तेंही २२ वर्षांनीं. त्यांचें मन न बदलतें तर गाणें आजही त्यांच्याच नांवावर असतें. शिवाय या संमतीनें दोघांचीं नांवें गेलीं आणि एकाचें आलें. व्हिटेकरचें आलें नाहीं, आणि ज्यांच्या भजनापासून हें सारें निघालें त्या गाणारांचेंही नाहीं.