सणाची पोळी आणि तुरट गोळी

पुरणपोळीवर तुपाची धार मनसोक्त सोडावी आणि मागाहून हिरव्या चहाच्या अर्काची एक गोळी गिळावी, म्हणजे रक्तांत चरबी चढत नाहीं, असें बोलणें हल्लीं कोल्हापुरांतील सुशिक्षित घरांतही आम्हांस ऐकूं येतें.

स्निग्ध भोजनानंतर रक्तांतील चरबी तीन-चार तासांत कळसास पोहोंचते व पुढें हळूहळू उतरते. चहा, आवळा, हिरडा यांतील तुरट द्रव्यें, म्हणजे पॉलिफेनॉल, परीक्षानळींत चरबीचें पचन मंदावितात, हें खरें. मनुष्यदेहांत मात्र हा गुण अल्प व अनिश्चित आढळतो. शिवाय २०१८ सालीं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें असा निर्वाळा दिला कीं, या अर्कांतील ईजीसीजी नामक द्रव्य गोळ्यांवाटे रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक घेतल्यास यकृतास इजा होत असल्याचीं चिन्हें रक्तांत दिसतात.

मग उपाय कोणता? सणाच्या आदल्या सायंकाळीं रंकाळ्याच्या कांठीं तासभर झपझप चालावें. श्रमलेले स्नायू दुसऱ्या दिवशींची चरबी रक्तांतून अधिक त्वरेनें उचलतात. आवळा व आमसूल हीं ताटांत अवश्य असावींत. परंतु अन्न म्हणून, प्रायश्चित्त म्हणून नव्हे. आणि ज्यांस डॉक्टरांनीं चरबीवर औषध दिलें आहे, त्यांनीं असल्या गोळीच्या भरंवशावर तें सोडूं नये, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.