बारसं न झालेला राक्षस

'फ्रँकेन्स्टाईन'चा विषय निघाला की आमच्या इंजिनिअर मंडळींची सहानुभूती हमखास व्हिक्टरकडे जाते. बिचारा! हुशार होता, देव व्हायला गेला आणि फसला. मला हे साफ अमान्य आहे.

मेरी शेलीची ही कादंबरी १८१८ सालची. तीत व्हिक्टरचा गुन्हा जीव निर्माण करणं हा नाहीच. त्या जीवाने डोळे उघडले आणि हा पळून गेला, हा त्याचा गुन्हा. 'तुंबाड'मधली देवीसुद्धा लोभी हस्तरला इतर देवांपासून वाचवून आपल्या गर्भात ठेवते. टाकून देत नाही. इथे मात्र धाकट्या भावाच्या खुनाचा आळ घरातल्या जस्टिनवर येतो, खरा खुनी कोण याची व्हिक्टरला खात्री असते, तरी तो गप्प बसतो. जस्टिन फासावर जाते. आणि आपण विरघळतो त्याच्या पश्चात्तापाने, कारण गोष्ट तोच सांगतोय. राक्षसाची कैफियतही त्याच्याच तोंडून ऐकावी लागते.

मी हे उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाही. पहिल्या नोकरीत मी लिहिलेल्या प्रोग्रामने, पैसे भरून मोकळ्या झालेल्या लोकांना थकबाकीचे मेसेज पाठवले. चूक माझी आहे, हे मला तासाभरात कळलं होतं. शिव्या मात्र फोन उचलणाऱ्या मुलीने खाल्ल्या, दोन दिवस. मी गप्प होतो. आतल्या आत फार वाईट वाटून घेत होतो. त्या वाईट वाटण्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

'पण राक्षसाने लहान पोराचा गळा दाबला, त्याचं काय?' दाबलाच. त्याला निर्दोष सोडा, असं माझं म्हणणं नाही. पण गरीब कुटुंबाच्या दारात गुपचूप सरपण आणून टाकणारा, फटीतून ऐकून भाषा शिकणारा हाच तो. माणसांनी त्याला आधी झोडपलं, खून नंतर झाला. सहानुभूती म्हणजे सुटका नव्हे. गुन्ह्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून मांडणं.

दिवाळीत भोकरदनला आईला ही गोष्ट सांगत होतो. तिने मध्येच विचारलं, "मग नाव काय ठेवलं त्याचं?"

"ठेवलंच नाही."

"बारसं नाही केलं, अन् गुणाची आस धरली?"

लोक राक्षसालाच फ्रँकेन्स्टाईन म्हणतात आणि जाणकार हसतात. मी हसणं सोडलंय. ते बापाचं आडनाव आहे. पोराला मिळायलाच हवं होतं.