जीबी मोजून ताल धरता येत नाही

इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट घरी येतं. सुरुवातीचे काही महिने मॉड्यूलमधल्या, म्हणजे किटसोबतच्या आवाज काढणाऱ्या पेटीतल्या, आवाजांवर मजेत जातात, आणि मग कान शहाणे होतात. क्रॅश दर वेळी हुबेहूब तसाच वाजतोय, स्नेअरवर हलका रोल काढला की मशीनगन सुटल्यासारखं होतंय, हे एकदा लक्षात आलं की लक्षातून जात नाही. मग यूएसबी केबल लॅपटॉपला जोडायची आणि ड्रमचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरतं. इथवर सगळं रास्त आहे. घोळ पुढे होतो, कारण ‘कोणतं घेऊ?’ असं विचारताच जो तो सल्ला देऊ लागतो, आणि तो बहुधा ठरलेलाच असतो. एक पंथ म्हणतो, मुद्रित आवाजांची सगळ्यात मोठी लायब्ररी घे, पुन्हा बघायला नको. दुसरा म्हणतो, संगणकाच्या नादी लागू नकोस, आवाज मागून येतो. तिसरा सबुरीचा सल्ला देतो: चार डेमो ऐक, कानाला भावेल ते घे. मला हे तिन्ही सल्ले अमान्य आहेत, आणि कारण एकच आहे. तिन्हींच्या हिशेबात वाजवणाऱ्याचा हात कुठेच नाही.

पहिल्या पंथाचं म्हणणं आधी नीट मांडू, कारण ते अगदीच पोकळ नाही. टूनट्रॅक या स्वीडिश कंपनीचं सुपीरिअर ड्रमर ३ हे २०१७ साली आलेलं सॉफ्टवेअर म्हणजे या पंथाचं दैवत. पॅरामेट्रिक इक्वलायझरवर १९७२ साली निबंध वाचणारे ध्वनितज्ज्ञ जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी बेल्जियममधल्या गॅलक्सी स्टुडिओत त्याचं ध्वनिमुद्रण केलं. कच्चा माल सुमारे २३० जीबी. एवढ्या मोठ्या माणसाने, एवढ्या चांगल्या खोलीत, एवढा माल गोळा केला असेल तर तो चांगला असणारच. तो चांगला आहेही. प्रश्न एवढाच की त्या २३० जीबींपैकी आपल्या हेडफोनपर्यंत पोहोचतं किती?

हे जीबी जातात कुठे ते पाहा. समजा, एका स्नेअरवर पाच ठिकाणचे आघात मुद्रित केले: मध्यावर, कडेला, रिमसकट, नुसत्या रिमवर आणि काठी आडवी ठेवून. प्रत्येक आघात हळूपासून जोरापर्यंत दहा पायऱ्यांत घेतला, आणि प्रत्येक पायरीवर पाच वेगवेगळे ठोके मुद्रित केले, म्हणजे लागोपाठच्या दोन ठोक्यांना तोच आवाज पुन्हा यायला नको. झाले अडीचशे ठोके. आता खोलीत बारा मायक्रोफोन आहेत असं धरा: स्नेअरच्या वर एक, खाली एक, डोक्यावर दोन, खोलीच्या कोपऱ्यांत आणखी काही. किकचा आणि टॉमचा मायक्रोफोनही स्नेअर ऐकतोच, त्यामुळे तोही मोजायचा. तीन हजार फायली झाल्या. चोवीस बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झला तीन सेकंदांची एक मोनो फाइल साधारण ०.४ एमबीची होते. म्हणजे एकट्या स्नेअरचे १.२ जीबी. हेच बारा मायक्रोफोन कुशल माणसाने आधीच मिसळून डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत आणले, तर तेच अडीचशे ठोके २०० एमबीत बसतात. सहापट फरक पडला, आणि ठोका मात्र एकही कमी झाला नाही.

कळीचा मुद्दा हाच आहे. हाताशी संबंध असतो तो आघाताच्या जागांचा, पायऱ्यांचा आणि पर्यायी ठोक्यांचा. मायक्रोफोनच्या वाहिन्यांचा संबंध येतो मिक्सिंगच्या टेबलाशी. घरी हेडफोन लावून गाण्याबरोबर वाजवणाऱ्याला खोलीच्या चार कोपऱ्यांतले मायक्रोफोन म्हणजे पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवलेला डिनर सेट. पाहुणे येतच नाहीत. ज्याला आपलं वादन सुट्या वाहिन्यांमध्ये ध्वनिमुद्रकाकडे पाठवायचंय, ज्याला स्नेअरचा खालचा मायक्रोफोन अर्धा डेसिबल वर हवाय, त्याने मोठी लायब्ररी जरूर घ्यावी, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते सरावासाठी किट घेतलेल्या माणसाच्या गळ्यात ती मारणाऱ्यांशी. त्याच्या लॅपटॉपमध्ये आठ जीबी मेमरी असते, डिस्क अर्धी भरलेली असते, आणि लायब्ररी लोड होईपर्यंत त्याचा वाजवायचा उत्साह ओसरलेला असतो.

त्याच टूनट्रॅकच्या ईझीड्रमर ३ चं (२०२२) उदाहरण घ्या. बर्लिनच्या हान्झा स्टुडिओत मायकेल इलबर्ट यांनी मुद्रित केलेले आवाज, आकाराने थोरल्या भावाच्या पासंगालाही न पुरणारे, पण बऱ्याच अंशी मिसळूनच आलेले. एक्सएलएन ऑडिओचं अॅडिक्टिव्ह ड्रम्स २ (२०१४) तर आणखी आटोपशीर आहे. तेही स्वीडनचंच, या देशाने ड्रमच्या आवाजांचा जणू मक्ताच घेतलाय. स्टीव्हन स्लेट ड्रम्सचा आवाज रॉकच्या तयार मिक्समधून उचलून आणल्यासारखा येतो. ज्यांना जॅझचे ब्रश वाजवायचेत त्यांना तो नको वाटेल, पण रॉक वाजवणाऱ्याला पहिल्याच ठोक्याला सुखावतो. ‘प्रोसेस केलेला आवाज म्हणजे खोटा आवाज’ असं नाक मुरडणारे भेटतात. त्यांना विचारावं, तुम्ही लहानपणापासून रेकॉर्डवर ऐकत आलात तो ड्रम कोणत्या अर्थाने ‘कच्चा’ होता?

आता दुसरा पंथ. ‘संगणकाचा आवाज मागून येतो.’ यातलं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं म्हणूनच हा समज टिकून आहे. विंडोजच्या नेहमीच्या ऑडिओ ड्रायव्हरवर, लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून ऐकलं तर ठोका आणि आवाज यांच्यात जाणवेल इतकी फट पडू शकते. ब्लूटूथ हेडफोन लावले तर बोलायलाच नको. तिथे उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पलीकडे सहज जातो आणि ताल धरणंच अशक्य होतं. पण हा दोष ड्रम सॉफ्टवेअरच्या माथी मारणं चूक आहे. साधा ऑडिओ इंटरफेस, त्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (मॅकवर कोअर ऑडिओ आधीपासून असतोच) आणि १२८ सॅम्पलचा बफर ठेवला की ४४.१ किलोहर्ट्झला त्या बफरचा उशीर भरतो २.९ मिलिसेकंद. हवेत आवाजाला एक मीटर कापायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. मॉड्यूलने पॅड वाचायला घेतलेला वेळ आणि इंटरफेसचा स्वतःचा थोडा उशीर यात मिळवा. तरी नीट बसवलेली जोडणी दहा मिलिसेकंदांच्या आत राहू शकते. मंचावर गिटारचा अॅम्प्लिफायर तीन मीटर मागे असला तर ड्रमरला गिटार सुमारे नऊ मिलिसेकंद उशिराच ऐकू येते, आणि त्याबद्दल आजवर कोणी बँड सोडलेला नाही.

या पंथाच्या हाती एक खरं हत्यार आहे, पण पंथवाले ते सहसा उपसत नाहीत. मॉड्यूल सोडून संगणकाकडे जाताना काही तरी हरवतं, ते म्हणजे बारकावा. रोलँडच्या वरच्या दर्जाच्या किटमधले डिजिटल स्नेअर आणि राइड पॅड काठी कुठे पडली, किती जोरात पडली याची तपशीलवार खबर आपल्या मॉड्यूलला देतात, आणि मॉड्यूल तिचा पुरता उपयोग करतं. तीच खबर मिडीच्या नळीतून संगणकात पाठवायची तर मिडी हे वाद्य आणि संगणक यांना जोडणारं १९८३ सालचं मानक आहे: ठोक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत बसवायचा, ठोक्याची जागा वेगळ्या संदेशातून पाठवायची, आणि ती वाचण्याची तसदी सॉफ्टवेअर घेईल अशी आशा करायची. त्यामुळे ज्याच्याकडे महागडं मॉड्यूल आहे त्याने सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा, हे मला मान्य. पण हाच नियम स्वस्त किटला लावता येत नाही. तिथे मॉड्यूलमधले आवाज मोजके आणि जोराच्या पायऱ्याही मोजक्या, त्यामुळे सॉफ्टवेअरने पडणारा फरक पहिल्याच मिनिटाला कळतो. किट बनवणाऱ्यांनाही हे कळलेलं दिसतं. अॅलेसिसची मालक कंपनी इनम्युझिक हिने २०२० साली बीएफडी हे जुनं नावाजलेलं ड्रम सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि पुढे अॅलेसिसच्या नायट्रो मॅक्स किटसोबत बीएफडी प्लेअर देऊ केला.

ऑक्टापॅडवाल्यांची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात ऑर्केस्ट्रापासून हळदीच्या कार्यक्रमापर्यंत जो वाजतो तो ऑक्टापॅड. तिथे लॅपटॉप उघडून बसणं हा वेडेपणाच. वीज कधी जाईल सांगता येत नाही, मांडणीला पाच मिनिटं मिळतात, आणि हवी असते ढोलकी, हलगी, संबळ. वर सांगितलेल्या सॉफ्टवेअरच्या मूळ संचांत यांतलं काहीच नाही. त्या वादकांनी ऑक्टापॅडमधले आवाजच वापरावेत. मी बोलतोय ते फ्लॅटमध्ये, खालच्या मजल्यावरच्यांचा रोष सांभाळत, पाश्चात्त्य ड्रमसेट शिकणाऱ्यांबद्दल.

तिसरा पंथ सगळ्यात सभ्य, म्हणून सगळ्यात फसवा. ‘डेमो ऐका आणि ठरवा.’ डेमोत तुम्ही ऐकता काय? बहुतेकदा एखाद्या जाणकाराने जुळवलेला, ठोके नीटनेटके केलेला, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब लावून बासच्या शेजारी बसवलेला ट्रॅक. तिथला हात दुसऱ्याचा असतो, आणि पुष्कळदा हात नसतोच, माउस असतो. वर डेमो असतो जोरदार. जोरात मारलेल्या स्नेअरवर कोणतंही बरं सॉफ्टवेअर छानच वाजतं. खरा भेद उघडा पडतो हळू वाजवताना. आणि माउसला हायहॅटचं पेडल हळूहळू सोडता येत नाही.

म्हणून माझ्या मते निवड वाजवूनच व्हावी. अॅडिक्टिव्ह ड्रम्सची चाचणी आवृत्ती मिळते, स्टीव्हन स्लेटची एका संचाची मोफत आवृत्ती मिळते, आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ड्रमगिझ्मो हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. बसवा, आपलं स्वतःचं किट जोडा, आणि आधी हायहॅटवर बसा. डाव्या पायाने पेडल पूर्ण दाबलेलं, उजव्या हाताने आठ-आठच्या ठोक्यांत वाजवत राहायचं आणि पेडल अगदी सावकाश सोडायचं. बंद, किंचित फट, अर्धी उघडी, पूर्ण उघडी हे आवाज एकमेकांत विरघळत जातात की जिना उतरल्यासारखे धप्प धप्प बदलतात? पेडलची स्थिती मिडीच्या चौथ्या कंट्रोलरवरून येते आणि प्रत्येक कंपनीचं पेडल ती आपापल्या पद्धतीने सांगतं. सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या किटचा तयार नकाशा आहे का, आणि नसला तर तो हाताने जुळवायची सोय सोपी आहे का, हे इथेच कळतं. काही स्वस्त किटांचं पेडल नुसतं बटणासारखं असतं, उघडं किंवा बंद. तिथे शंभर हायहॅट मुद्रित केलेली लायब्ररीसुद्धा दोनच आवाज काढणार.

मग स्नेअर. घोस्ट नोट्स, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या अधेमधे कुजबुजणारे हलके आघात, सलग वाजवा. सॉफ्टवेअरचा मिडी मॉनिटर उघडा ठेवा आणि आकडे बघा. पुष्कळांना इथे पहिला धक्का बसतो: जिवाच्या आकांताने मारलं तरी आकडा ११०च्या पुढे जात नाही, आणि हळू मारलं की ३५च्या खाली उतरत नाही. पायऱ्या दहा असोत नाहीतर वीस, वरच्या आणि खालच्या टोकाला तुम्ही पोहोचतच नाही. उपाय मोठ्या लायब्ररीत नाही. तो मॉड्यूलच्या सेन्सिटिव्हिटीत आणि सॉफ्टवेअरच्या व्हेलॉसिटी कर्व्हमध्ये आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. शेवटी क्रॅश मारून लगेच कडा हाताने पकडा. आवाज तिथल्या तिथे थांबला पाहिजे. थांबला नाही तर मॉड्यूल तो संदेश पाठवतंय का आणि सॉफ्टवेअर तो ऐकतंय का, हे पाहा. दोघांपैकी कुणीतरी एक मुका किंवा बहिरा असतो.

या चाचणीत जे सॉफ्टवेअर हाताला सरळ उत्तर देईल ते घ्यावं, मग ते दोन जीबींचं असो की दोनशेचं. पैसे मोजके असतील तर आधी वायरचे बंद कपांचे हेडफोन आणि चांगल्या ड्रायव्हरचा इंटरफेस, त्यानंतर आटोपशीर सॉफ्टवेअर, आणि त्यातही एकच संच. तो संच महिनोन्‌महिने वाजवा. वाजवलेलं नुसतं ऑडिओत न ठेवता मिडीतही साठवत चला. पुढे मोठ्या लायब्ररीची गरज पडलीच तर हे आजचं वादन तसंच उचलून तिच्यात वाजवता येतं. फक्त हायहॅटचा नकाशा तेवढा पुन्हा जुळवावा लागतो.