केवाझिंगो : कागदावर नाव बदललेले झाड

१/ एखाद्या दिवाणखान्यातील मेजाची नक्षी आपण कौतुकाने न्याहाळतो. ते लाकूड कोठून आले, हे मात्र क्वचितच विचारतो. मित्रहो, आजचा धागा अशाच एका लाकडाविषयी.

२/ मध्य आफ्रिकेच्या वर्षावनांतील हा महावृक्ष आपल्या चिंचेचा दूरचा आप्त. लाकूड तांबूस, त्यावर जांभळट रेषा. काही मोजक्या खोडांत तंतू असे वळलेले असतात, की तासलेल्या फळीवर धबधबा कोसळत असल्याचा भास व्हावा. व्यापारात त्याला ‘बुबिंगा’ म्हणतात, तर गॅबनमध्ये ‘केवाझिंगो’. तेथील काही समाज त्यास पवित्र मानतात.

३/ शिसवाच्या जाती दुर्मीळ होऊ लागल्या, तशी चीनमधील ‘होंगमू’ फर्निचरच्या बाजाराची नजर याकडे वळली. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण वंशासह बुबिंगाच्या तीन जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या निर्बंधांखाली आला. २०१८ मध्ये गॅबनने तोडीवरच बंदी घातली.

४/ तरीही २०१९ च्या आरंभी ओवेंडो बंदरात केवाझिंगोचा प्रचंड साठा पकडला गेला. पुढे जप्त मालातील ३५३ कंटेनर नाहीसे झाले. त्यांतील बरेच नंतर सापडले. कागदोपत्री हे लाकूड ‘ओकूमे’ म्हणून दाखवलेले होते. मे महिन्यात उपराष्ट्रपती आणि वनमंत्री दोघांनाही पदावरून दूर करण्यात आले.

५/ हे प्रकरण केवळ ‘भ्रष्टाचार’ म्हणून मिटवणे मला अपुरे वाटते. खोटे नाव ओकूमेचेच का? फ्रेंच वसाहतकाळापासून गॅबनच्या लाकूड-निर्यातीचा कणा ओकूमेच आहे. बंदरावर ते नाव कोणालाच खटकत नाही. देश १९६० मध्ये स्वतंत्र झाला, पण अख्खे ओंडके परदेशी पाठवण्यावर बंदी आली ती २०१० मध्ये. चोरांनी नवी वाट पाडली नाही. वसाहतीने मळलेलीच वाट वापरली.

६/ दोष एकट्या गॅबनचाही नव्हे. ग्राहक नक्षीची किंमत मोजतो, उगमाची चौकशी करीत नाही.

७/ आपण इतिहासाचे विद्यार्थी दप्तरातील कागदाला प्रमाण मानतो. येथे कागद खोटा होता. लाकडाची घडण मात्र भिंगाखाली खरे बोलते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : वस्तूचीही साक्ष काढावी, आणि कागद तिच्याशी ताडूनच स्वीकारावा.