आधी दाणापाणी, मग भाषण!

मैत्रिणींनो, मागच्या मार्चमधली गोष्ट. वणीजवळच्या एका गावात बचत गटाच्या बायकांना कोंबडीची एक दिवसाची पिल्लं वाटायची होती. खोकी सकाळीच आली, पाहुणे आले दुपारी. मग हार, सत्कार, भाषणं! खोक्यांतून चिवचिव चाललेली. तिकडे कुणाचं लक्षच नाही. आठवडाभरात आमच्या एका ताईच्या ५० पिल्लांतली १४ दगावली. वर ऐकून काय घ्यावं लागलं? "बायकांना सांभाळता येत नाही!"

मला हे फार लागलं. चूक काय तिची एकटीची होती?

अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणून तर उपाशी पाठवता येतं. पण तग धरणं वेगळं, वाढणं वेगळं. मशीनमधली सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. पहिल्या-शेवटच्या पिल्लात एक-दीड दिवसाचं अंतर पडू शकतं. म्हणजे खोक्यातलं एखादं पिल्लू आधीच दीड दिवसाचं उपाशी! पोटात दाणा लवकर गेला की आतडं झपाट्याने वाढतं. उशीर झाला की ही वाढ मागे पडते.

खुडूक कोंबडीची पिल्लं आईच्या मागे दाणे टिपतात. आईच्या सहवासात चांगले जिवाणूही त्यांच्या पोटात जातात. मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना साल्मोनेलासारख्या रोगजंतूपासून वाचवतात, हे फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी १९७३ सालीच दाखवलं. मशीनच्या पिल्लांना ही आई नसते. तिची जागा आपल्यालाच घ्यावी लागते.

म्हणून पिल्लं येण्याआधीच बल्ब लावून जागा उबदार करा. आधी चिमूटभर गूळ घातलेलं कोमट पाणी; चोच हलकेच बुडवा. मग कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा, पुढे पिल्लांचं तयार खाद्य. रात्री गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपून बघा. मऊ, भरलेली लागली की समजा, पिल्लू जेवलं. हगवण लागली तर दुकानदार देईल ते औषध पाजू नका. माणसांसाठी अगदी शेवटच्या उपायांत राखून ठेवलेलं कोलिस्टिन कोंबड्यांना द्यायला २०१९ पासून बंदी आहे. सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

बाळंतिणीला आपण सांगतो ना, तासाभरात बाळाला अंगावर घे, चीक वाया घालवू नको? मग या मुक्या जिवांनाच का ताटकळत ठेवायचं?

वाटप करणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. पिल्लं कधी निघाली ती वेळ खोक्यावर लिहा आणि सत्कार दाणापाण्यानंतर ठेवा. आणि सख्यांनो, पुढच्या वेळी पाहुण्यांना उशीर झाला तर आपणच उठून खोकी उघडू. रागावले तर रागावू देत!