रेकॉर्डी मेलेल्या नाहीत, एक डबी कमी आहे

मागच्या महिन्यात धुळ्याला आत्याकडे गेलो होतो. आत्या ब्याऐंशी वर्षांची. माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डींची पेटी असायची, म्हणून सहज विचारलं. आतेभाऊ म्हणाला, "अर्ध्या मागेच भंगारात घातल्या रे. नवीन प्लेयर आणून लावल्या होत्या. आवाजच येत नव्हता. मेल्या होत्या सगळ्या."

राग आला, पण बोललो नाही. कारण उरलेल्या चौदा रेकॉर्डी जळगावला आणून मीही तेच केलं. मित्राचा टर्नटेबल आणला, होम थिएटरच्या ऑक्समध्ये पिन घातली. आवाज कसा? डबीत डास कोंडल्यासारखा. तबला गायब, नुसती चिरचिर. मलाही वाटलं, संपलं.

आमच्या गल्लीत रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा एक पोरगा आहे. त्याने मागे डोकावून पाहिलं आणि हसला. "दादा, रेकॉर्ड चांगली आहे. मध्ये फोनो स्टेज कुठंय?"

मंडळी, ही पोस्ट त्या एका प्रश्नासाठी आहे. कारण माझी खात्री झाली आहे की खान्देशातल्या कितीतरी घरांतल्या रेकॉर्डी खराब झाल्या म्हणून नाही, तर ही डबी नव्हती म्हणून भंगारात गेल्या.

भानगड अशी आहे. रेकॉर्ड कापताना खर्जाचे आवाज मुद्दाम दाबतात, नाहीतर सुईची चर फार रुंद होऊन तबकडीवर गाणं मावणार नाही. वरचे, बारीक आवाज उलट वाढवतात, म्हणजे ऐकताना खरखर दाबता येते. हे किती करायचं याचं प्रमाण १९५४ च्या सुमारास ठरलं, त्याला आरआयएए वक्र म्हणतात. २० हर्ट्झला आवाज साधारण दहा पट कमी, तर २० हजार हर्ट्झला साधारण दहा पट जास्त. ऐकताना हे बरोबर उलटं करावं लागतं. शिवाय मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम कार्ट्रिजमधून निघतात जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. ते शंभरेक पट वाढवावे लागतात. फोनो स्टेज ही दोनच कामं करतो.

मग आजोबांना ही डबी का लागली नाही? त्या काळी घरोघरी जे फिएस्टासारखे पेटीतले प्लेयर होते, त्यांत सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असायची. ती मुळातच जास्त व्होल्टेज देते, तिचं अशा डबीवाचून भागायचं. नंतरच्या अ‍ॅम्प्लिफायरना मागे 'फोनो' लिहिलेलं भोक असायचं, डबी आतच. कॅसेट आली, सीडी आली, कंपन्यांनी ते भोक काढून टाकलं. आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

आता घ्यायचा कोणता? इथे माझं मत स्पष्ट आहे: स्वस्तातला घ्या आणि लवकर घ्या. हायफायवाली मंडळी तुम्हाला तीस-चाळीस हजारांच्या गप्पा सांगतील. ऐकून घ्या, चहा पाजा, सोडून द्या. मी बेहरिंगरचा पीपी४०० घेतला, दोन-तीन हजारांतलं काम. थोडे जास्त घालायचे असतील तर एआरटीचा डीजे प्री टू आहे, त्याला आवाजाची पातळी जुळवायचं बटण आणि खालची घरघर कापायचा फिल्टर मिळतो. एवढं पाहा: एमएमसाठी आहे ना, इनपुट ४७ किलोओहम आहे ना, अर्थिंगचा स्क्रू आहे ना. एमसीची सोय नसली तरी आपलं काही अडत नाही.

आणि वेगळा प्रीअ‍ॅम्प? नको. फोनो स्टेज हाच एक प्रीअ‍ॅम्प आहे, विकणारे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात. आवाज कमी-जास्त करायचं बटण तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला किंवा स्पीकरला आहे, तेवढं पुरतं. घेण्याआधी टर्नटेबलच्या मागे 'फोनो/लाइन' असं बटण आहे का तेही बघा. असेल तर डबी आतच आहे, पैसे वाचले. दोन डब्या एकापुढे एक लावल्या तर आवाज फाटतो.

वाचलेले पैसे सुईत घाला. झिजलेली सुई रेकॉर्ड खाते. आणि लाखेच्या ७८ च्या रेकॉर्डला एलपीची सुई लावू नका. तिची चर रुंद, तिला साधारण तिप्पट-चौपट जाड सुई लागते. गुणगुण आली तर आधी टर्नटेबलची अर्थची वायर त्या स्क्रूला लावा, मग घराची अर्थिंग तपासा. आपल्याकडे दहात नऊ वेळा दुखणं तिथंच असतं.

कुणी म्हणेल, सगळं यूट्यूबवर आहे की. सगळं नाही. माझ्या चौदांपैकी तीन मला कुठेच सापडल्या नाहीत. एलपी पीव्हीसीची असते, म्हणजे आमच्या जळगावात ज्याचे पाइप होतात तेच. भंगारवाल्याला त्यात वजन दिसतं, त्याचा काय दोष?

धुळ्याने कागद कसा जपायचा हे महाराष्ट्राला दाखवलं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करायचे, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे उभं आहे. मग आवाज कोण जपणार? माझी मागणी छोटी आहे. जळगावचं व. वा. वाचनालय असो, धुळ्याचं गरुड वाचनालय असो की तालुक्याचं ग्रंथालय, एक टर्नटेबल, एक फोनो स्टेज, दोन सुया आणि एक जुना कॉम्प्युटर ठेवा. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. लोक रेकॉर्ड घेऊन येतील, फाइल घेऊन जातील. सगळा खर्च एका सत्कार समारंभाच्या मांडवाइतकाही नाही.

कायद्याचं भय दाखवू नका. आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा आहे. गीत आणि चालीचा हक्क वेगळा, तो तपासावा लागतो. आणि ग्रंथालयाकडे स्वतःची प्रत असेल, तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवायची मुभा सार्वजनिक, नफा न कमावणाऱ्या ग्रंथालयांना २०१२ च्या दुरुस्तीने दिलेली आहे. अडचण कायद्याची नाही, इच्छेची आहे.

परवा डबी, टर्नटेबल सगळं गाडीत घालून परत धुळ्याला गेलो. पेटीत 'मानिनी'ची रेकॉर्ड होती. १९६१ चा सिनेमा, त्यात आमच्या बहिणाबाईंची गाणी. आत्याचं लग्न त्याच वर्षीचं. सुई टेकली, खर्ज आला, तबला आला. आत्या म्हणाली, "माय वं! हाऊ तं तोच आवाज शे!" आणि पुढची ओळ गाण्याच्या आधी तिनेच म्हटली.

आतेभाऊ खाली बघत बसला होता. भंगारात गेलेल्या अर्ध्या रेकॉर्डींत काय काय होतं, हे आता कुणालाच माहीत नाही. तुमच्या माळ्यावरची पेटी द्यायच्या आधी एकदा ही डबी लावून बघा.