गोग्रास ठेवतो, मग आडोसा का नाही?

मंडळी, थोडं कडू वाटेल, पण लिहितेय. आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत अजूनही पहिली पोळी गाईची असते. पितृपक्षात तर पान ठेवायला गाय शोधत आपण गल्लोगल्ली फिरतो. पण पौषात, पारा चार-पाचवर आलेला असताना, तीच गाय रात्री कुठे बसते हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की या थंडीत जनावराला नुसतं खायला घालणं ही अर्धीच सेवा झाली. उरलेली अर्धी म्हणजे कोरडी जागा आणि वाऱ्याला आडोसा. तिला खर्च जवळजवळ नाही, तरी नेमकी तीच आपण सोडून दिली आहे.

पूर्वी ही अर्धी सेवा कुणाला सांगावी लागत नसे, कारण वाड्यातच गोठा होता. लष्करातल्या आमच्या वाड्यात मागच्या चौकात दोन गाई असायच्या. दिवाळी झाली की आजी जुने बोरे उसवून त्यांच्या झुली शिवायला घ्यायची. गोठ्याच्या उत्तरेच्या जाळीला टाट बांधलं जायचं, पण वरचा झरोका उघडा ठेवायचा. तोही बंद करू गेलं तर आजी ओरडायची, "अगं, कोंडतील ना ती!" तिचं बरोबरच होतं. बंद गोठ्यात मुताचा उग्र वास कोंडतो, ओल धरते आणि जनावरांच्या छातीला त्रास होतो. वारा अंगावर येऊ नये, पण हवा खेळती हवी. आता वाड्यांच्या जागी फ्लॅट आले, गोठे गेले आणि गोग्रास तेवढा उरला. तोही फाटकाबाहेर, पॉलिथिनच्या थैलीत.

तसं पाहिलं तर आपण इथे आलो तेच जनावरांच्या जिवावर. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये किल्ल्याखाली पडला आणि त्या तळाचंच पुढे लष्कर झालं. घोडे, बैल, उंट यांच्याशिवाय छावणी हलत नसे. आणि उत्तरेची थंडी आणि वैरणीची टंचाई जनावरांचं काय करते हे मराठ्यांना पानिपतावर कळलं होतं. १४ जानेवारी १७६१ ची लढाई होण्याआधीच वेढ्यातल्या छावणीत किती घोडे-बैल उपासमारीने गेले होते. ज्यांच्या पूर्वजांनी हे पाहिलं, त्यांना थंडीत जनावर कसं जगतं हे नव्याने शिकवावं लागू नये.

मागच्या वर्षी आमच्या कॉलनीच्या फाटकाशी एक गोऱ्हा येऊन पडला. असेल महिन्याभराचा. हल्ली शेतात ट्रॅक्टर आल्यापासून नर वासरू म्हणजे नको असलेलं ओझं, कुणीतरी सोडून दिलं असणार. दाट कोहरा होता, फरशी ओली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याच्यापुढे पोळ्या ठेवल्या, कुणी गुळाचा खडा ठेवला. सकाळी चौकीदाराने पाहिलं तर वासरू गार पडलेलं आणि समोर सात-आठ पोळ्या तशाच. त्या पोळ्या ठेवणारी माणसं वाईट नव्हती, सगळी कनवाळूच होती. पण एवढ्या लहान वासराला पोळी पचत नाही, त्याला दूध लागतं. आणि त्या रात्री दुधाच्याही आधी हवं होतं अंगाखाली कोरडं काहीतरी. ते कुणालाच सुचलं नाही.

थंडीत मारते ती ओल आणि वारा. गाईच्या अंगाची ऊब साधारण साडेअडतीस अंश असते आणि केस कोरडे असले तर ती बराच वेळ टिकते. केस भिजले की ती पांघरूणासारखी राहत नाहीत. गार फरशी खालून ऊब ओढून घेते. धडधाकट गाय पोटातल्या वैरणीवर तग धरते, कारण भुसा-कडबा पोटात आंबताना आतून ऊब तयार होते. मरतात ती वासरं, म्हातारी जनावरं आणि कुत्र्यांची पिल्लं.

म्हणून काय करायचं, तर हे:

१. पुआल. डबऱ्याकडे भातशेती आहे, थंडीत पेंढा सहज मिळतो. बोऱ्यात भरून तोंड शिवलं की गादी झाली. जुनी रजई नको, ती दव पिते आणि पहाटे बर्फासारखी गार होते. पेंढाही ओला झाला की बदलायचा.

२. जागा भिंतीच्या आडोशाला आणि जमिनीपासून थोडी वर. खाली दोन विटा आणि फळी पुरे. कुत्र्यांसाठी लाकडी खोकं असेल तर तोंड लहान ठेवा आणि वाऱ्याकडे करू नका.

३. गाईला संध्याकाळी सुका भुसा, म्हणजे रात्रभर आतून शेगडी चालू राहते. लग्नसराईतला उरलेला भात आणि पोळ्यांचा ढीग तिच्यापुढे ओतू नका. एकदम एवढं खाल्लं की तिचं पोट बिघडतं, त्यात गाय दगावतेसुद्धा. पॉलिथिनबद्दल वेगळं सांगायला नकोच.

४. पाणी सकाळी ताजं. बोअरचं पाणी पहाटे हवेपेक्षा उबदार असतं. रात्रभर हौदात गार झालेलं पाणी जनावर कमी पितं, आणि पाणी कमी म्हणजे खाणंही कमी.

५. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा, मांजर आत बसलेलं असतं. अलाव पेटवण्याआधी राख काठीने चाळा, पिल्लं कोमट राखेत शिरून झोपतात.

६. रस्त्यावर बसणाऱ्या गाईच्या गळ्यात चमकणारी पट्टी. रात्री डांबर मातीपेक्षा कोरडं आणि उबदार असतं म्हणून ती तिथे बसते. कोहऱ्यात ती ट्रकवाल्यालाही दिसत नाही आणि स्कूटरवरच्या आपल्या मुलालाही नाही.

आता आक्षेप. मला सगळे पाठ आहेत, आमच्या सोसायटीच्या बैठकीत ऐकलेत.

"माणसं कुडकुडतायत आणि तुम्हाला जनावरांचं!" अहो, माणसाला ब्लँकेट द्यायला कुणी हात धरलाय? बोरा जनावराला दिला म्हणून माणसाचं ब्लँकेट कमी होत नाही. माझा अनुभव असा की जो एकाला देतो तोच दुसऱ्यालाही देतो.

"कुत्री चावतात, बोरे टाकले की आणखी जमतील." ही भीती खोटी नाही. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलं की काळजी वाटणारच. पण त्यावर उपाय नसबंदी आणि रेबीजची लस हा आहे, पिल्लं गारठून मरू देणं हा नाही. ज्या कुत्र्याला रोज एकाच ठिकाणी खाणं आणि जागा मिळते, त्याला धरून लस देणं सोपं जातं. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही खायला घालू नका, त्यासाठी ठरावीक जागा करा असं सांगितलंय. मग आपण ती जागा फाटकापासून दूर, मुलांच्या वाटेबाहेर मागून घेऊ या. भांडण तिथेच निम्मं मिटतं.

"गाई मालकाच्या, आम्ही का बघायचं?" हा आक्षेप मला सगळ्यात पटतो. पहाटे दूध काढून गाय रस्त्यावर हाकलणारा तिला माता म्हणतो तेव्हा संताप येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात पाळलेल्या जनावराला पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं हा गुन्हाच आहे. तेव्हा मालक माहीत असेल तर त्याला आधी समजावून सांगा, नाही ऐकलं तर महापालिकेत तक्रार करा. आणि दूध त्याच्याचकडून घेत असाल तर दुधाचा हिशेब करताना गोठाही विचारा. गिऱ्हाईकाने विचारलं की फरक पडतो. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत रात्र काही थांबत नाही.

मला कुणाला पुण्य-पाप शिकवायचं नाही. श्राद्धाला पान ठेवताना आपण म्हणतो की ते पूर्वजांना पोचतं. मग ज्या गाईच्या तोंडून ते पोचतं, तिच्या पाठीवर एक झूल घालणं जड का व्हावं?

तुमच्या माळ्यावर गव्हाचे रिकामे बोरे पडले असतील, रद्दीवाल्याकडे देऊ नका. रविवारी पेंढा आणायचा विचार आहे. मुरार, कंपू, जीवाजीगंज, थाटीपूर, जिथे असाल तिथे दोन-तीन घरांनी मिळून एक कोपरा ठरवा. आणि इंदूर, बडोद्याच्या मंडळींनी तुमच्याकडे गोठ्यात थंडीची काय सोय असायची ते खाली जरूर लिहा. ज्या आज्यांना हे माहीत होतं त्या आता फार थोड्या उरल्यात.